त्याला वाचता येईल असं लिहा

विंडल
१२ मार्च १९८३

प्रिय मुरिएल,

तू अजून घरात फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. ब्रेंडा म्हणते, बहिणीला लिहिताना एकदम कामाचं बोलू नये, आधी तब्येत विचारावी. तर तुझा गुडघा कसा आहे?

आता काम. पाच मेला कौन्सिलच्या निवडणुका आहेत. पक्षाचा सेक्रेटरी म्हणून प्रत्येक वॉर्डात आपला एक तरी माणूस उभा करणं माझ्या गळ्यात आहे. सगळीकडे माणसं मिळाली, फक्त तुमच्या केल्डबीच्या मार्केट वॉर्डात कोणी नाव द्यायला तयार नाही. होरेस गारसाइड तिथे इतकी वर्षं ठाण मांडून बसलाय की मागच्या दोन खेपांना त्याच्याविरुद्ध कोणी अर्जसुद्धा भरला नव्हता.

म्हणून तुझं नाव घालावं म्हणतो. दचकू नकोस. तुला काही म्हणजे काही करायचं नाही. आमच्यात याला कागदी उमेदवार म्हणतात. नाव कागदावर असतं आणि माणूस घरी चहा पीत असतो. भाषण नाही, दारोदार फिरणं नाही. सहा तारखेला तू पडलेली असशील आणि तुझ्या बटणांच्या गाळ्यावर पुन्हा उभी असशील. भावासाठी एवढं करशील ना?

तुझा,
नॉर्मन


केल्डबी
१६ मार्च १९८३

प्रिय नॉर्मन,

गुडघा जिथे होता तिथेच आहे. फोन घेत नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

तुझं पत्र गाळ्यावर बसून निवांत वाचलं. आज बुधवारचा बाजार, आणि मला पत्र वाचायला निवांत वेळ मिळतो, यातच काय ते समज. ऑक्टोबरात कौन्सिलने बाजारातला बायकांचा संडास बंद केला. पुरुषांचा चालू आहे. तिथे राखणदार बाई लागत नाही, नुसतं पाणी सोडलं की भागतं. बायकांच्या दाराला मात्र हे मोठं कुलूप. आता खेड्यापाड्यांतून बसने येणाऱ्या बायका येईनाशा झाल्यात. ज्या येतात त्या सकाळचा चहा न पिता येतात आणि पहिल्या बसने पळतात. एका बाजूला लोकर घेताना दुसऱ्या बाजूला डोळे घड्याळावर.

आम्ही चारशे सह्यांचा अर्ज दिला होता. तुझ्या त्या गारसाइडने भर सभेत तो वर धरला आणि म्हणाला, "ही नावं कुणाला वाचता तरी येतात का? या बायका खरंच आहेत की नाहीत, देव जाणे." सगळे खो खो हसले. मी वर गॅलरीत बसले होते. मी आहे की नाही, हे त्याने मान वर करून पाहिलं असतं तर कळलं असतं.

आणि एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. तुझ्या मिस बीवर्स आठवतात ना, बोटांवर पट्टी मारून पियानो शिकवणाऱ्या? डिसेंबरात त्या बसच्या रांगेत उभ्या होत्या. कडाक्याची थंडी, बस आलीच नाही, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने किती वेळ धरून ठेवायचं? जे व्हायचं ते रांगेत सगळ्यांसमोर झालं. दोन पोरी फिदीफिदी हसल्या. मी गाळा तसाच टाकून धावले आणि त्यांच्याभोवती माझा कोट गुंडाळला. उभ्या जन्मात ज्या बाईने पायातला मोजा घसरू दिला नाही ती बाई, नॉर्मन. त्यानंतर त्या बाजारात आलेल्या नाहीत. चॅपेलात ऑर्गन वाजवायला जातात तेसुद्धा मागच्या दाराने. त्या रात्री कोट धुताना मला रडू आलं, आणि रडून झाल्यावर जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

तर घाल माझं नाव. पण घरी बसून चहा पिण्याचं वचन मी देत नाही.

तुझी,
मुरिएल


विंडल
२८ मार्च १९८३

प्रिय मुरिएल,

तू हो म्हणालीस, फार बरं वाटलं. तू आयत्या वेळी भावाला उपयोगी पडणार, हे मी ब्रेंडाला म्हटलंच होतं.

सोबत उमेदवारीचा अर्ज आहे. वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या लागतील. शेजारच्या दहा जणींच्या घे आणि परत पाठव, एवढंच तुझं काम. पत्रकं वगैरे छापू नकोस, पक्षाकडे त्यासाठी काही शिल्लक नाही. आणि तो बाजारातल्या स्वच्छतागृहांचा विषय जरा नाजूक आहे, तो कृपा करून काढू नकोस. मिस बीवर्सचं ऐकून वाईट वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
नॉर्मन


केल्डबी
११ एप्रिल १९८३

प्रिय नॉर्मन,

अर्ज भरून झाला. दहा सह्या, आणि प्रत्येकीने सहीखाली मोठ्या ठळक अक्षरांत नाव लिहिलं. मिसेस डॉब्जने तर पेन इतकं दाबलं की कागद फाटायचा राहिला. म्हणाली, "आता वाच म्हणावं मेल्याला."

तुझा नमस्कार द्यायला मी मिस बीवर्सकडे गेले. दार उघडलं पण साखळी काढली नाही. फटीतूनच विचारलं, "काय काढलंस?" मी म्हटलं, गारसाइडविरुद्ध उभी राहिलेय. मग साखळी निघाली. म्हणाल्या, "तुझं अक्षर वाईट आहे मुरिएल, शाळेतही वाईटच होतं. पत्रक मी टाइप करते." चॅपेलात प्रती काढायचं एक जुनं चक्रीचं यंत्र आहे, भजनांचे कागद काढतात ते. बाईंनी स्वतः दांडा फिरवून आठशे पत्रकं काढली. हात शाईने काळेनिळे, आणि चेहऱ्यावर हसू. तेव्हा तुझ्या पक्षाच्या तिजोरीला काही धक्का लागलेला नाही.

पत्रकात लिहिलंय ते असं: "गारसाइडसाहेबांना तुमची नावं वाचता येत नाहीत म्हणे. या खेपेला त्यांना वाचता येईल असं लिहा. पाच मेला मत मुरिएल स्पेन्सला." मी घरोघर फिरतेय. एका हातात पत्रक, दुसऱ्या हातात संडासाचा नवीन अर्ज. कुठे नाव खरडलेलं दिसलं की मी परत लिहून घेते. "नीट लिही गं, पूर्ण लिही, घाबरायचं काय त्यात?" हेच दिवसभर माझ्या तोंडात. गिल्ड स्ट्रीटवर एका कुत्र्याने माझ्या पिशवीचा बंद खाल्ला, बाकी स्वागत चांगलं होतंय.

आणि हो, तो विषय नाजूक नाही. नाजूक आहेत ती तुमची तोंडं. तुम्ही स्वच्छतागृह म्हणता आणि कुलूप घालता. आम्ही संडास म्हणतो आणि आम्हाला तो उघडा हवाय.

तुझी,
मुरिएल


विंडल
१४ एप्रिल १९८३

मुरिएल,

हे तू काय चालवलं आहेस? मी स्पष्ट लिहिलं होतं, पत्रक नको. आज सकाळी विंडलचे आमचे उमेदवार लमलीसाहेब तुझा तो कागद हातात घेऊन माझ्या दारात उभे होते. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याशी कधी आवाज चढवला नव्हता.

काही गोष्टी तुला माहीत नसतात आणि माहीत असण्याची गरजही नसते. तू सज्जन बाई आहेस, पण राजकारण म्हणजे लोकरीचा गुंडा नव्हे. घरी बस. गुडघ्याचं कारण सांग, कुणी काही म्हणणार नाही.

नॉर्मन


केल्डबी
२१ एप्रिल १९८३

प्रिय नॉर्मन,

जे मला माहीत असण्याची गरज नव्हती ते काल खुद्द गारसाइडने येऊन सांगितलं.

बाजाराच्या वेळी आला, हॅट काढली, शर्टाची सहा बटणं मागितली. मी मोजून दिली. मग हळूच म्हणाला, "मिसेस स्पेन्स, तुम्ही उगाच दमताय. तुमच्या भावाशी आमचं ठरलंय. मार्केट वॉर्डात तुमच्याकडून नुसतं नाव, आणि विंडलला लमलीविरुद्ध आमच्याकडून नुसतं नाव. दोघांची सोय. तुम्हाला सांगितलं नाही का त्याने?"

नाही सांगितलं, नॉर्मन. मला तू गुडघा कसा आहे ते विचारलंस.

शेजारी मिसेस डॉब्ज लोकर निवडत होती. तिने ऐकलं, मी ऐकलं, आणि मला वाटतं चीजवाल्यानेही ऐकलं. लाज मला वाटायला हवी होती का? मला वाटली नाही. मी गारसाइडला म्हटलं, "ठरवलं ते तुम्ही दोघांनी. माझं तुमच्याशी काही ठरलेलं नाही." मग तो म्हणाला की त्या बंद इमारतीला गिऱ्हाईक आलंय. वाइन बार करणार आहेत म्हणे, आत दिवे, आरसे आणि उंच स्टुलं. म्हणजे आमच्या बायकांना जिथे जायला मिळत नाही तिथे लोक बसून पिणार, आणि मग पुरुष शेजारच्या उघड्या दाराने जाऊन येणार. मी म्हटलं, "बटणं परत देताय की नेताय?" घेऊन गेला.

तू माझा भाऊ आहेस. लहानपणी तुझी भिजलेली चादर आईला कळू न देता मी धुतलेली आहे, कितीदा ते सांगत नाही. मला वाटलं होतं, ही गोष्ट तुला तरी कळेल. मी घरी बसणार नाही. नाव मागे घ्यायची मुदत गेली, हे मी टाउन हॉलात जाऊन विचारून आलेय. आता ते नाव माझं आहे.

मुरिएल


विंडल
२५ एप्रिल १९८३

प्रिय मुरिएल,

ठीक आहे. ठरलं होतं. राजकारण असंच चालतं, आणि लमली निवडून आले तर ते तुमच्या भागासाठी चार गोष्टी करू शकतात. तू आणि मिस बीवर्स मिळून काही करू शकत नाही. मी हे तुला दुखवायला लिहीत नाही, हिशोब म्हणून लिहितो. फार तर दीडशे मतं पडतील, आणि त्यानंतर गारसाइड तुमचं कोणाचं काही ऐकून घेणार नाही.

चादरीचं मध्ये आणायला नको होतंस. ब्रेंडाने पत्र वाचलं.

नॉर्मन


केल्डबी
४ मे १९८३

नॉर्मन,

उद्या मतदान. चॅपेलच्या रविवारच्या शाळेत मतपेट्या मांडून झाल्या. मिसेस डॉब्जने जुन्या पडद्याची झालर कापून मला छातीवर लावायचं फूल केलंय. रंग तुझ्या पक्षाचा नाही, पडद्याचा आहे.

दीडशे म्हणालास ना? बघू.

मुरिएल


केल्डबी
६ मे १९८३

प्रिय नॉर्मन,

गारसाइड चारशे बारा. मी चारशे पाच. सात मतांनी गेलं. बाकी काही विशेष नाही. गुडघा दुखतोय, झोपते.

मुरिएल


विंडल
१० मे १९८३

प्रिय मुरिएल,

सात मतं! मला आधी वाटलं, एखादा आकडा लिहायचा राहिला. कागदी उमेदवाराने चारशे पाच घेतल्याचं माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मी ऐकलेलं नाही. इथे लमली आरामात आले, पण क्लबात कुणी त्यांच्याबद्दल बोलत नाही, सगळे विचारतात, ती बटणवाली तुझी बहीण का?

मी इथल्या मोजणीत अडकलो होतो, नाहीतर तिथे असतो. असायला हवं होतं. पण एक कळत नाही. सात मतांचा फरक असताना तू फेरमोजणी का मागितली नाहीस? आणि दुसरं, गारसाइडने लमलींना सांगितलं की अकरा मतपत्रिका बाद झाल्या. सांगताना तो हसत नव्हता म्हणे. काय होतं त्यांत? तू माझ्यापासून काहीतरी लपवते आहेस. तुझी पत्रं इतकी छोटी कधी नसतात.

तुझा,
नॉर्मन


केल्डबी
१४ मे १९८३

प्रिय नॉर्मन,

लपवत होते. आता लिहिते, पण नावं विचारू नकोस. मोजणीला बसण्याआधी गुप्ततेची शपथ घेतली आहे, आणि शपथ नसती तरी सांगितली नसती.

मोजणी संपत आली तेव्हा अधिकाऱ्याने मला आणि गारसाइडला टेबलाशी बोलावलं. ज्या मतपत्रिकांबद्दल शंका असते त्या दोन्ही उमेदवारांना दाखवतात, एकेक करून. पहिली उचलली. माझ्या नावासमोर फुली, अगदी नीट चौकटीत. आणि तिच्याखाली मत देणारीचं पूर्ण नाव. ठळक, सुवाच्य, लहान मुलालाही वाचता येईल असं. अधिकारी म्हणाला, "मत देणारा ओळखू येतो, म्हणून बाद." दुसरी उचलली. फुली, आणि खाली नाव. तिसरीवर नावाबरोबर पत्तासुद्धा. एकीने वर "आदरपूर्वक" असं लिहिलं होतं.

अकरा, नॉर्मन. अकराही माझी मतं. सगळ्या बायका मला माहीत असलेल्या. दोरीला बांधलेल्या त्या बोथट पेन्सिलीने नीट उमटणार नाही म्हणून काहींनी घरून पेन आणलं होतं.

नाव वाचता येईल असं लिहा, हे कुणी सांगितलं होतं? मी. महिनाभर घसा फोडून सांगितलं. अर्जावर लिहा आणि मतपत्रिकेवर लिहू नका, हे सांगायचं मला सुचलं नाही. फेरमोजणी कसली मागू? पुन्हा मोजले तरी ते कागद तेच निघाले असते, आणि मोजणाऱ्यांनी पुन्हा एकदा हसून घेतलं असतं. घरी आले आणि पडद्याचं फूल चुलीत टाकलं.

त्या बायकांना काही सांगितलेलं नाही. त्या येऊन माझं सांत्वन करतात. "थोडक्यात गेलं गं, सात मतं म्हणजे काहीच नाही." मी हो हो म्हणते आणि इलॅस्टिक मापते.

मुरिएल


विंडल
१७ मे १९८३

प्रिय मुरिएल,

मी रात्रभर विचार केला. हे वर्तमानपत्रात द्यायला हवं. अकरा बायका स्वतःचं नाव लिहितात, त्यांची मतं बाद होतात आणि गारसाइड सात मतांनी येतो. लंडनचे पेपरसुद्धा छापतील. मी मसुदा तयार करतो. लमलींना काय वाटेल याची मला आता फिकीर नाही. हे मी लिहितोय यावर माझाच विश्वास बसत नाही.

आणि तुझी चूक नाही ती. मी तुझा निवडणुकीचा एजंट होतो. कागदावर तरी होतो. असल्या गोष्टी मतदारांना समजावणं हे एजंटचं काम. मी तेव्हा तुला घरी बस म्हणून पत्रं लिहीत होतो.

तुझा,
नॉर्मन


केल्डबी
२६ मे १९८३

प्रिय नॉर्मन,

मसुदा फाडून टाक. लंडनचे पेपर काय छापतील ते मला ठाऊक आहे. केल्डबीच्या म्हाताऱ्यांना मत देता येत नाही, असं मोठ्या अक्षरांत आणि खाली माझ्या गाळ्याचा फोटो. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि तुला बरं वाटावं म्हणून सांगते, राग उतरला. तुझ्यावरचा. दुसरा आहे तसाच आहे.

आता बैस आणि नीट वाच. परवा मंगळवारी कौन्सिलची सभा होती. त्या इमारतीची विक्री सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलली. जिंकलो असं नाही, पण बार काही या उन्हाळ्यात होत नाही. कसं ढकललं ते सांगते.

मागच्या शनिवारी मी गाळ्यावर मान खाली घालून रिबिनी गुंडाळत होते. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. वर पाहते तर मिस बीवर्स. भर बाजारात, हॅट, हातमोजे, सगळं जिथल्या तिथे. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. म्हणाल्या, "दोन वार पांढरं इलॅस्टिक दे, आणि तोंड असं का केलंयस ते सांग. मी माझ्या मतपत्रिकेवर सही केली होती. ती बाद झाली ना?"

मी म्हटलं, कोणाचं काय झालं ते मी सांगू शकत नाही. पण सही केलेलं मत बाद होतं, हे खरं.

"माहीत आहे," म्हणाल्या. "तिथे पाटी होती. मी वाचली."

मला काय झालं कोण जाणे, मी त्यांच्यावर ओरडले. माझ्या पियानोच्या बाईंवर, बाजारात. म्हटलं, वाचली आणि तरी लिहिलंत? सात मतांनी गेलं माझं. तुम्हाला काय वाटलं, एका मताने काय होतंय? तसंच सगळ्यांना वाटलं. इतके दिवस पोटात दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाकीच्यांचं मला माहीत नव्हतं, मुरिएल. त्याबद्दल वाईट वाटतं. पण माझ्यापुरतं सांगते. डिसेंबरपासून मी तोंड लपवून जगतेय. तिथे त्या आडोशात उभी राहिले आणि वाटलं, अजून किती लपायचं? त्या माणसाने भर सभेत विचारलं होतं, या बायका आहेत की नाहीत. मला एवढंच सांग. बाद झालेले कागद त्याला दाखवतात का?"

"दोन्ही उमेदवारांना दाखवतात. एकेक करून."

"वाचावे लागतात?"

"वाचावेच लागतात."

"मग पोचलं," म्हणाल्या, आणि इलॅस्टिकचे पैसे काढायला लागल्या.

मिसेस डॉब्ज नेहमीप्रमाणे लोकरीत हात घालून ऐकत होतीच. ती म्हणाली, "अय्या, मीपण लिहिलं होतं नाव. बाद होतं का ते? मला वाटलं, तसंच लिहायचं असतं या खेपेला." लाज नाही, काही नाही. दुपारपर्यंत अख्ख्या बाजारात झालं. मी त्यांना कसं सांगू म्हणून आठवडाभर जेवले नव्हते, आणि या बायका एकमेकींना टाळ्या देत सांगत होत्या. बुधवारपर्यंत त्या अकरा कागदांच्या एकोणीस मालकिणी निघाल्या आहेत. ज्यांनी सही केली नाही त्यासुद्धा केली म्हणून सांगतात.

मंगळवारी आम्ही सगळ्या टाउन हॉलात गेलो. गॅलरी भरली. विक्रीचा विषय आला, गारसाइड उठला आणि इमारत कशी निरुपयोगी आहे ते सांगायला लागला. तेवढ्यात मिसेस डॉब्ज उभी राहिली आणि अगदी गोड आवाजात शिपायाला विचारलं, "माफ करा, इथे संडास कुठे आहे?" त्याला काय करावं सुचेना. टाउन हॉलात एकच आहे, कौन्सिलरांचा, सभागृहाला लागून, पितळी मुठीचा. नाही म्हणायची सोय नाही. ती गेली. थोड्या वेळाने पाण्याच्या टाकीची साखळी ओढल्याचा आवाज आला. ती टाकी जुनी आहे, नॉर्मन. पाणी सुटलं की अख्खी भिंत गडगडते. गारसाइड थांबला, पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात दुसरी उठली. मग तिसरी. गारसाइड "करदात्यांच्या हिताच्या दृष्टीने" इथपर्यंत यायचा आणि भिंत गडगडायची. कौन्सिलरांमधलेच दोघे तोंडावर कागद धरून हसत होते. या खेपेला ते आम्हाला हसत नव्हते.

शेवटी अध्यक्ष चिडले. टेबलावर हात आपटून सचिवाला म्हणाले, "या बायकांची नावं लिहून घ्या."

तेव्हा मिस बीवर्स उठल्या. गॅलरीच्या कठड्याला हात लावून सरळ उभ्या. "लिहून घ्यायचा त्रास कशाला?" म्हणाल्या. "मिस्टर गारसाइडना विचारा. त्यांनी आमची नावं वाचलेली आहेत."

सगळ्यांनी गारसाइडकडे पाहिलं. तो लाल झाला होता. त्यानेही लहानपणी बाईंची पट्टी खाल्लेली आहे, हे तुला माहीत नसेल. त्याने वर पाहिलं, पहिल्यांदा गॅलरीकडे नीट पाहिलं, आणि म्हणाला, "मिस बीवर्स, कृपा करून खाली बसा."

"बसते, होरेस," बाई म्हणाल्या. "आधी जाऊन येते."

गॅलरीच्या मागून एक जिना आहे, तिथून गुपचूप जाता आलं असतं. बाकीच्या तिथूनच गेल्या होत्या. बाई पुढच्या जिन्याने उतरल्या आणि कौन्सिलरांच्या खुर्च्यांमधून, सगळ्यांच्या देखत, पर्स हातात धरून सावकाश चालत गेल्या. एकदोघे उठून उभेसुद्धा राहिले. अध्यक्षांनी गारसाइडला बोलायची खूण केली, पण तो हातातले कागद जुळवत राहिला. बाई परत येऊन जागेवर बसेपर्यंत सभा थांबली होती. मग त्या हसणाऱ्या दोघांपैकी एकाने विक्री पुढे ढकलायची सूचना मांडली, आणि ती मंजूर झाली.

चार वर्षांनंतरचा उमेदवारीचा अर्ज आताच पाठवून दे. आणि या खेपेला मतपत्रिकेवर काय लिहायचं नाही ते तू स्वतः येऊन सगळ्यांना सांग. चहा मी करीन. आता भरपूर प्यायला हरकत नाही, टाउन हॉलातल्या त्या पितळी मुठीची वाट सगळ्यांना ठाऊक झालीय.

तुझी,
मुरिएल